डेल्फ्टहून बाबांना पत्र

डेल्फ्ट, नेदरलँड्स

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते की, पवनचक्क्या आणि ट्युलिपची शेते सोडली तर या एवढ्याशा देशात पाहण्यासारखे आणि सांगण्यासारखे काय आहे. फोनवर अशा प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि तुमच्यासारख्या जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला सन-सनावळीशिवाय केलेले वर्णन चालत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. ट्युलिपांविषयी मात्र काही लिहीत नाही. १६३७ च्या फेब्रुवारीत कंदांचा बाजार कोसळला ही गोष्ट खरी आहे, पण ती पुढे इतकी फुगवली गेली की आता इतिहासकारांना तिच्यातली हवा काढत बसावे लागते.

येथे राहून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. या देशातल्या नवलाईच्या कितीतरी कामांमागे असलेल्या माणसांचा पोटापाण्याचा धंदा निराळाच होता. कोणी कापडाचा व्यापारी, कोणी लोकर विंचरणारा, कोणी शहराचा कारभारी. आणि त्यांतली बरीच मंडळी एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती. सतराव्या शतकातले डेल्फ्ट हे पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव होते, म्हणजे आजच्या हिशोबाने एखादे तालुक्याचे ठिकाण. त्याच्या बाजारचौकात उभे राहिले की एका टोकाला नगरपालिकेची इमारत आणि दुसऱ्या टोकाला नव्या चर्चचा उंच मनोरा दिसतो. त्या मनोऱ्यापासूनच सुरुवात करते.

१५८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सिमोन स्टेविन या गणितज्ञाने एक प्रयोग नोंदवला आहे. त्याने आणि त्याचा मित्र यान दे ग्रोत याने शिशाचे दोन गोळे घेतले, त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा दहापट जड होता, आणि ते तीस फूट उंचीवरून एकाच क्षणी खालच्या फळीवर सोडले. जड वस्तू त्या प्रमाणात लवकर पडते हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे खरे असते, तर दोन आवाज वेगवेगळे ऐकू यायला हवे होते. प्रत्यक्षात एकच आवाज झाला. हा प्रयोग नव्या चर्चच्या मनोऱ्यावरून झाला असे येथे सांगतात. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची कथा आपण शाळेत शिकलो, पण ती त्याच्या शिष्याने नंतर लिहून ठेवलेली असून तसा प्रयोग झाला की नाही याबद्दलच अभ्यासकांना शंका आहे. स्टेविनने मात्र स्वतःच, छापील शब्दांत, उंची आणि वजनासह लिहून ठेवले आहे. मला त्याच्या प्रयोगातली युक्ती फार आवडते. त्या काळी सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते, म्हणून त्याने वेळ मोजण्याच्या फंदात न पडता केवळ कानांवर भरवसा ठेवला. हाच स्टेविन दशांश अपूर्णांकांचा प्रसार करणारा. त्यावरची त्याची लहानशी पुस्तिका १५८५ ची आहे.

स्टेविनचा मित्र यान दे ग्रोत हा डेल्फ्टचा नगराध्यक्ष होता. त्याचा मुलगा म्हणजे १५८३ मध्ये येथेच जन्मलेला ह्यूगो ग्रोशियस, ज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणतात. त्याची गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल, कारण ती वाचताना तुमच्या वर्गातला आग्र्याचा धडा आठवल्याशिवाय राहत नाही. धर्म आणि सत्ता यांच्या भांडणात सापडून १६१९ मध्ये ग्रोशियसला जन्मठेप झाली आणि लूवेस्टाईनच्या किल्ल्यात टाकण्यात आले. त्याला वाचनाची मुभा होती, त्यामुळे पुस्तकांची एक मोठी पेटी नियमितपणे आत-बाहेर जात असे. सुरुवातीला पहारेकरी ती उघडून पाहत. पुढे पुढे कंटाळून त्यांनी ते सोडून दिले. ही ढिलाई त्याची बायको मारिया हिच्या नजरेतून सुटली नाही. २२ मार्च १६२१ रोजी तिने नवऱ्याला त्या पेटीत झोपवले, कुलूप लावले आणि एल्स्ये नावाच्या मोलकरणीसोबत पेटी नदीपलीकडच्या गावी रवाना केली. तेथून गवंड्याच्या वेषात तो देशाबाहेर निसटला. शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले ते १६६६ मध्ये, म्हणजे त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, आणि पहारेकऱ्यांना पेटाऱ्यांची सवय लावून त्यांना गाफील ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. गंमत अशी की ग्रोशियसची खरी पेटी आमच्याकडेच आहे असा दावा येथे एकाहून अधिक संग्रहालये करतात. आपल्याकडेही तलवारींच्या बाबतीत असे होतेच.

या ग्रोशियसचा आपल्या किनाऱ्याशी सरळ संबंध आहे. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ मालाने भरलेले एक पोर्तुगीज जहाज पकडले. ही लूट कायदेशीर ठरवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीला विद्वानाचे मत हवे होते आणि त्या कामासाठी तरुण ग्रोशियसची निवड झाली. त्याच्या लिखाणातला एक भाग १६०९ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने, नाव न घालता, प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्याही मालकीचा असू शकत नाही आणि हिंदुस्थानाकडे जाणारी वाट पोर्तुगीज अडवू शकत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद. पोर्तुगीजांचा परवाना नसलेले गलबत अरबी समुद्रात जप्त होत असे, हे तुम्ही आम्हाला शिकवलेलेच आहे. त्या परवान्याच्या मुळावर येणारा हा युक्तिवाद होता. डचांनी १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्याला जी वखार घातली, तिचाही मुख्य उपयोग गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या आरमाराला रसद आणि बातम्या पुरवण्याचा होता. लहानपणी आपण ज्या भिंतींच्या सावलीत खेळलो, त्यांच्यामागे या गावातल्या एका वकिलाची लेखणी होती, हे मला येथे आल्यावर कळले.

पण बाबा, या तत्त्वाची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ग्रोशियस ज्या वसंतात पेटीतून निसटला, त्याच १६२१ च्या वसंतात त्याच कंपनीचा गव्हर्नर यान पीटरसोन कून याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर स्वारी केली. तेथले बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम करून नेले गेले. पोर्तुगीजांसमोर समुद्र मोकळा असावा असे म्हणणाऱ्यांना स्वतःच्या जायफळापाशी तो मोकळा नको होता. येथल्या शाळांतून हे आता शिकवले जाते, पण होर्न गावच्या चौकात कूनचा पुतळा अजून उभा आहे आणि त्यावरून वाद होत असतात.

आता डेल्फ्टकडे परत येते. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी सकाळी शहरातल्या एका जुन्या मठात साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. सुमारे नव्वद हजार पौंड दारू होती. कोठाराचा रखवालदार आत तपासणीला गेला आणि त्यानंतर शहराचा एक चतुर्थांश भाग उरला नाही असे म्हणतात. आवाज शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या टेक्सेल बेटापर्यंत पोहोचला. मृतांमध्ये कारेल फाब्रिशियस हा बत्तीस वर्षांचा चित्रकार होता. तो रेम्ब्रांटचा शिष्य, आणि त्या शिष्यांमध्ये सर्वांत स्वतंत्र बुद्धीचा. त्याची डझनभरच चित्रे आज माहीत आहेत. त्यांतले एक त्याने त्याच वर्षी काढलेले असून ते हेग शहरातल्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. पांढरट भिंत, तिच्यावर लावलेली दाण्यांची पेटी, पेटीसमोरच्या कड्यावर बारीक साखळीने बांधलेला गोल्डफिंच नावाचा एक इवलासा पक्षी, बस्स. चित्राची उंची साडेतेहतीस सेंटिमीटर, रुंदी तेवीसहूनही कमी. त्या काळी हा पक्षी घरोघर पाळत आणि साखळीला बांधलेल्या लहान भांड्याने स्वतःचे पाणी स्वतः ओढून प्यायला शिकवत. चित्राच्या अगदी जवळ गेले की पंखावरचा पिवळा पट्टा म्हणजे ओल्या रंगावर ब्रशच्या उलट टोकाने ओढलेला ओरखडा आहे हे दिसते; चार पावले मागे आले की तोच ओरखडा पीस होतो. त्या संग्रहालयात बहुतेक लोक डेल्फ्टच्याच व्हर्मीर या चित्रकाराने काढलेल्या, मोत्याचा डूल घातलेल्या मुलीच्या चित्रासमोर गर्दी करतात. ते चित्रही थोर आहेच, आणि १८८१ च्या लिलावात ते अवघ्या दोन गिल्डरांना विकले गेले होते हेही खरे, पण मला विचाराल तर मी या पक्ष्यासमोर अधिक वेळ उभी राहते.

व्हर्मीरचे नाव निघालेच आहे, तर त्याच्या शेजाऱ्याची ओळख करून देते, कारण या सगळ्या पत्रात मला सर्वाधिक ज्याच्याविषयी लिहायचे होते तो हाच. १६३२ च्या ऑक्टोबरअखेर नव्या चर्चमध्ये योहानेस व्हर्मीरचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर चार दिवसांनी त्याच गावात आंतोनी फान लेवेनहूक या मुलाचा. व्हर्मीर १६७५ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारला. घरात अकरा मुले होती, आणि सहाशेहून अधिक गिल्डरांच्या पावाच्या उधारीपोटी त्याच्या बायकोला दोन चित्रे बेकरीवाल्याकडे द्यावी लागली. दिवाळखोरीत निघालेल्या त्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी १६७६ मध्ये शहराने जो माणूस नेमला, तो लेवेनहूक. दोघांची जिवंतपणी मैत्री होती असे सांगणारा एकही कागद नाही. पण प्रकाशाकडे इतक्या बारकाईने पाहणारी दोन माणसे एका गावात राहून एकमेकांना ओळखत नसतील, हे मानायला मन तयार होत नाही.

लेवेनहूक कापडाचा व्यापारी होता. कापडाचे धागे मोजण्यासाठी व्यापारी भिंग वापरत, आणि बहुधा तेथूनच त्याला भिंगांचा नाद लागला असावा. त्याला लॅटिन येत नव्हते, तो कोणत्याही विद्यापीठात शिकला नव्हता, आणि तरीही जिवाणू पाहणारा तो पहिला माणूस ठरला. त्याचे सूक्ष्मदर्शक तुम्हाला दाखवता आले असते तर बरे झाले असते, कारण नुसत्या नावावरून आपल्या डोळ्यांसमोर शाळेच्या प्रयोगशाळेतली ती उंच नळी येते. प्रत्यक्षात ते एखाद्या बोटाएवढे असते. पितळेचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर रिव्हेट मारून बसवलेले, मध्ये बारीक छिद्र, त्या छिद्रात मोहरीपेक्षाही लहान असा काचेचा एकच मणी. मागच्या बाजूला एक टोकदार सुई आणि ती पुढे-मागे, वर-खाली सरकवण्यासाठी दोन-तीन स्क्रू. पाहायची वस्तू सुईच्या टोकावर लावायची आणि सगळे यंत्र डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे धरायचे. अशी पाचशेहून अधिक भिंगे त्याने केली. त्यांतली डझनभरसुद्धा आज शिल्लक नाहीत. लायडनच्या संग्रहालयात मी काही पाहिली. उरलेल्यांपैकी सर्वांत चांगले भिंग वस्तू सुमारे २७० पटींनी मोठी करून दाखवते, आणि ते कसे घडवले हे तो कोणालाही सांगत नसे.

आता मिऱ्यांची गोष्ट. मिरी तिखट का लागते, हा प्रश्न लेवेनहूकला पडला. मिऱ्यात सूक्ष्म काटे असतील आणि तेच जिभेला टोचत असतील, अशी त्याची अटकळ होती. डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतल्यापासून मलबारचे मिरे येथे मुबलक येत होते. त्याने मिरे पाण्यात भिजत घातले, म्हणजे ते मऊ होऊन नीट पाहता येतील. १६७६ च्या एप्रिलमध्ये, सुमारे तीन आठवडे भिजलेल्या त्या पाण्याचा थेंब त्याने भिंगाखाली धरला. काटे दिसले नाहीत. दिसले ते वळवळणारे असंख्य जीव, आणि त्यांतले काही इतके लहान की वाळूच्या एका जाड कणाएवढी जागा भरायला त्यांतल्या दहा लाखांनीही पुरणार नाही, असा त्याचा हिशोब होता. हे त्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत लिहिलेल्या लांबलचक पत्रात कळवले. तेथल्या मंडळींचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने धर्मोपदेशक, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित नागरिकांना ते जीव दाखवून त्यांची लेखी साक्षपत्रे पाठवली. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूकने लंडनमध्येही मिऱ्याचे पाणी करून तेच दृश्य सभासदांना दाखवले, आणि मग वाद मिटला. जिवाणूंचा शोध मिऱ्यांच्या, आणि कदाचित आपल्याच किनाऱ्यावरच्या मिऱ्यांच्या, पाण्यात लागला, हे आईला अवश्य सांगा. तिच्या सारात पडणाऱ्या मिऱ्यांना यापुढे थोडा मान मिळायला हरकत नाही.

मलबारचा विषय निघाला म्हणून आणखी एक प्रकरण सांगते, आणि येथे मला तुमची मदत हवी आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा एक अवाढव्य ग्रंथ तयार करवला. ॲमस्टरडॅममध्ये १६७८ पासून १६९३ पर्यंत त्याचे बारा खंड निघाले आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि चित्रे आहेत. तेथली माहिती देणाऱ्यांत अनेक स्थानिक लोक होते. त्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, आणि त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीजांच्या धार्मिक छळाला कंटाळून गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातली ही मंडळी. या तिघांनी आपण कोणते काम केले याचे प्रमाणपत्र १६७५ मध्ये लिहून दिले, ते कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. आणि पहिल्या खंडात ते जसेच्या तसे कोरून छापले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. चित्रांवरही वनस्पतींची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत आहेत. एका डच गव्हर्नरच्या लॅटिन ग्रंथात फणसाच्या चित्रावर नागरी अक्षरे पाहिली की क्षणभर आपण कोणत्या देशात आहोत हेच कळेनासे होते. ग्रंथाची पाने आंतरजालावर पाहता येतात. ओंकारला सांगून तो पहिला खंड उघडा आणि त्या प्रमाणपत्राचे वळण तुम्हाला लागते का ते कळवा. जुने दस्तऐवज वाचण्याची तुमची सवय माझ्या उपयोगी पडेल. फान रेडे स्वतः शेवटचे खंड पाहायला उरला नाही. १६९१ मध्ये सुरतेकडे जाताना तो जहाजावरच वारला आणि सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य घुमटी आजही आहे.

रेम्ब्रांटविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याच्यावर पुस्तके भरपूर आहेत. पण दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. १६५० मध्ये त्याने हिंदी-प्रशांत महासागरात सापडणाऱ्या एका शंखाचे कोरीव चित्र केले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते, म्हणून कोरणाऱ्याने सगळे आरशातल्यासारखे कोरायचे असते. रेम्ब्रांटने सही तशी कोरली, म्हणून ती कागदावर सरळ वाचता येते. शंख मात्र त्याने समोर दिसला तसाच कोरला, आणि परिणामी निसर्गात उजवा असलेला तो शंख चित्रात डावा झाला. उजव्या-डाव्या शंखाचे महत्त्व आपल्याकडे देवघरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. दुसरी गोष्ट अशी की, १६५६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत, म्हणजे आपल्याकडे अफजलखानाचे प्रकरण घडत होते त्या सुमारास, त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. त्यांतली वीसहून अधिक आज शिल्लक आहेत आणि पुष्कळशी आशियातून आलेल्या मऊ कागदावर आहेत. त्यांत जहांगीर आहे, शहाजहान आहे. जन्मात हॉलंडबाहेर पाऊल न टाकलेला आणि त्याच सुमारास दिवाळखोर ठरलेला चित्रकार, तेव्हा हयात असलेल्या मोगल बादशहाच्या पागोट्याच्या निऱ्या पेनाने मोजत बसला होता.

डेल्फ्टशी संबंधित आणखी एक चित्रकार आहे, पण त्याची कीर्ती निराळ्या कारणासाठी. हान फान मेखेरेन तरुणपणी डेल्फ्टला वास्तुशास्त्र शिकायला आला आणि चित्रकार झाला. समीक्षकांनी त्याला जुनाट ठरवले, तेव्हा त्याने व्हर्मीरची ‘अज्ञात’ चित्रे काढायला सुरुवात केली. सतराव्या शतकातला खरा कॅनव्हास मिळवायचा, वरचा रंग खरवडायचा, नवीन रंगात बॅकेलाइट जातीचे रसायन मिसळून चित्र भट्टीत तापवायचे, म्हणजे तीनशे वर्षांत येणारा कडकपणा काही तासांत येतो. १९३७ मध्ये आब्राहाम ब्रेडियस या सर्वांत मोठ्या जाणकाराने त्यातल्या एका चित्राला व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती म्हटले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयात ते मोठ्या किमतीला गेले. युद्धकाळात असेच एक चित्र नाझी नेता गोरिंग याच्याकडे पोहोचले. १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांना ते सापडले, तेव्हा राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याबद्दल फान मेखेरेनला अटक झाली. शिक्षा गंभीर होती. त्यातून सुटण्याचा एकच मार्ग होता, आणि त्याने तो पत्करला: ते चित्र मीच काढले, असे त्याने सांगितले. कोणी विश्वास ठेवेना, म्हणून पहाऱ्यात, साक्षीदारांसमोर, त्याने आणखी एक ‘व्हर्मीर’ काढून दाखवला. देशद्रोहाचा आरोप गळाला, फसवणुकीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, आणि ती भोगण्याआधीच १९४७ च्या डिसेंबरात तो वारला. गोरिंगला फसवणारा म्हणून लोकांनी त्याला जवळजवळ नायक केले होते. मला हे पटत नाही. त्याने फसवले ते आधी स्वतःच्याच देशबांधवांना. आज ती चित्रे पाहिली की त्यांतले जड पापण्यांचे चेहरे १९३० च्या दशकातल्या सिनेनटांसारखे दिसतात, आणि इतक्या मोठ्या जाणकारांना ते का दिसले नाही याचे नवल वाटते. ज्यांना अजूनही शंका होती त्यांच्यासाठी १९६८ मध्ये चित्रातल्या पांढऱ्या रंगाच्या शिशाची किरणोत्सारी तपासणी झाली आणि ते शिसे नवे असल्याचे सिद्ध झाले.

पाण्याविषयी न लिहिता हॉलंडचे पत्र पुरे होत नाही. लेक नदीच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी १६४८ मध्ये तेथल्या पाणी मंडळाने एक हजार गिल्डरांचे कर्जरोखे काढले. बोकडाच्या कातड्यावर लिहिलेल्या त्या रोख्याला मुदत नाही. व्याज कायम चालू. मंडळे एकमेकांत विलीन झाली, गिल्डर जाऊन युरो आला, पण देणे वारसाने पुढे गेले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने तो रोखा २००३ मध्ये विकत घेतला आणि २०१५ मध्ये बारा वर्षांचे थकलेले व्याज म्हणून १३६ युरो २० सेंट वसूल केले. रक्कम किरकोळ आहे, पण पावणेचारशे वर्षांचा शब्द पाळणारे कार्यालय पाहून तुम्हाला आपल्या तलाठी कचेरीतल्या सातबाऱ्याच्या फेऱ्या आठवतील.

उत्तरेकडे फ्रानेकर या गावी जाताना बस बत्तीस किलोमीटर लांबीच्या एका समुद्रबांधावरून जाते. आपल्या खाडीवरचा खारबांध मनाने शंभरपट वाढवला तरी त्याची कल्पना येणार नाही. १९१६ च्या पुरानंतर हा बांध घालायचे ठरले, पण खाडी बंद केल्यावर भरतीचे पाणी उरलेल्या किनाऱ्यावर किती चढेल, हे कोणाला सांगता येईना. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद सरकारने हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांना दिले. १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले तेच हे भौतिकशास्त्रज्ञ, ज्यांच्या समीकरणांवर आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद उभा आहे. नावापुरते अध्यक्ष न राहता त्यांनी १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे ओहोटी-भरतीची गणिते स्वतः केली, तीही हाताने. १९३२ मध्ये बांध पुरा झाला तेव्हा त्यांचे आकडे बरोबर आले, पण ते पाहायला ते नव्हते. १९२८ मध्येच गेले.

फ्रानेकरला जायचे ते एका घरासाठी. ८ मे १७७४ रोजी चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात एकमेकांच्या जवळ येणार होते, आणि एका धर्मोपदेशकाने पुस्तिका छापून पृथ्वीवर मोठे संकट येणार अशी हूल उठवली. बाबा, १९६२ च्या अष्टग्रहीच्या वेळी गावोगाव जे यज्ञ आणि जप झाले त्यांची आठवण तुम्ही सांगत असता. तसाच तो प्रकार. याच गावात आइसे आइसिंगा नावाचा लोकर विंचरणारा गृहस्थ राहत होता. त्याने वादविवाद केला नाही. त्याने आपल्या बैठकीच्या खोलीच्या छताला सूर्यमाला बसवायला घेतली आणि सात वर्षे खपून १७८१ मध्ये ती पूर्ण केली. निळ्या रंगाच्या छतावर मध्यभागी सूर्य, भोवती खाचांमधून फिरणारे ग्रह. प्रमाण असे की दहा लाख किलोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. पृथ्वी सूर्यापासून पंधरा सेंटिमीटरवर, शनी जवळजवळ दीड मीटरवर. प्रत्येक ग्रह आपल्या खऱ्या गतीने फिरतो, म्हणजे शनीला एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात आणि पाहणाऱ्याला काहीच हलताना दिसत नाही. जिन्याने माळ्यावर गेले की खरी करामत दिसते. लाकडाच्या मोठमोठ्या चकत्या आणि कडी, आणि दात्यांऐवजी हाताने घडवलेले सुमारे दहा हजार लोखंडी खिळे. हे सगळे एका लंबकाच्या घड्याळावर आणि काही वजनांवर चालते, आणि छताखालच्याच भिंतीतल्या कपाटासारख्या बिछान्यात नवरा-बायको झोपत असत. डोक्यावर रात्रंदिवस चालणारी ती टकटक त्या बाईने कशी सहन केली असेल, याचा विचार आईच्या मनात आधी येईल हे मला ठाऊक आहे.

ज्या वर्षी आइसिंगाने काम संपवले त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विल्यम हर्शेलने युरेनस शोधला. त्याच्या प्रमाणात युरेनस सूर्यापासून पावणेतीन मीटरहून दूर बसवावा लागला असता, आणि तेवढे छत त्या खोलीला नाही. म्हणून तेथली सूर्यमाला शनीपाशीच संपते. पुढे राजकीय धामधुमीत आइसिंगाला परागंदा व्हावे लागले, तुरुंगवास झाला, पण १७९५ मध्ये तो परत आला आणि यंत्र पुन्हा त्याच्या देखरेखीखाली आले. २०२३ मध्ये युनेस्कोने त्या घराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. यंत्र आजही चालू आहे आणि वेळही बरोबर दाखवते.

येथे थंडी सुरू झाली आहे, प्रकृती ठीक आहे. तुम्ही दोघे पुढच्या उन्हाळ्यात आलात तर फ्रानेकरला आपण एक दिवस राहण्याच्या तयारीने जाऊ, कारण मार्गदर्शकाला प्रश्न विचारण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल. पासपोर्टच्या नूतनीकरणाचे काम ओंकारकडून लवकर करून घ्या. सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मीनल